काटा शून्यावरच हवा

बीपीची मशीनं, थर्मामीटर, ऑक्सिमीटर असा माल एका देशातून उचलून दुसऱ्या देशात विकायचा म्हणताय? निवड उत्तम आहे. छत्री गळकी निघाली तर गिऱ्हाइकाचं डोकं भिजतं आणि शिव्या विकणाऱ्याला बसतात. आपला माल बिघडला तरी आकडा दाखवायचं सोडत नाही. तो आकडा चुकीचा आहे हे कळायला दुसरं मशीन लागतं, आणि तेही बहुतेक त्याच खोक्यातून आलेलं असतं.

स्टेथोस्कोपच्या मात्र फार नादी लागू नका. १८१६ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरनं कागदाची सुरळी करून छाती ऐकली, तेव्हापासून त्या वस्तूत कान लावणाऱ्यालाच डोकं चालवावं लागतं. ती स्वतः आकडा सांगत नाही, त्यामुळे खोटं बोलायची सोय कमी.

खरा माल म्हणजे काट्याचं बीपी मशीन. त्याच्या डायलमागे पातळ पत्र्याची पोकळ डबी असते. कफमधल्या, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्यातल्या हवेनं ती फुगते आणि काटा फिरतो. मशीन टेबलावरून एकदा पडलं की आतलं गणित हलतं आणि हवा सोडल्यावर काटा शून्याखाली जाऊन बसतो. सरळमार्गी कारखानदार शून्यापाशी छोटी चौकट छापतो. काटा तिच्या बाहेर दिसला की नर्स मशीन बाजूला ठेवते. ही काय धंद्याची रीत झाली? तुम्ही शून्यापाशी बारीक खुंटी असलेला माल मागवा. घसरलेला काटा खुंटीला टेकतो आणि शहाण्या मुलासारखा शून्यावर उभा राहतो. आत ८-१० अंकांची खोट असते, म्हणून बीपी तेवढं कमी दिसतं. ज्याचं वाढलंय तो ‘सगळं छान’ ऐकून खुशीत घरी जातो. गिऱ्हाइकाचं समाधान म्हणतात ते हेच.

कफ एकाच मापाचा घ्या, साठा सांभाळायला सोपा. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी जास्त दिसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सर्वांत मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा कफ बांधल्यावर वरचं बीपी सरासरी २० च्या आसपास जास्त भरलं. म्हणजे खुंटी कमी दाखवते, कफ जास्त दाखवतो. दोन्ही एकाच मशीनवर जमलं तर आकडा चुकून बरोबरही येईल!

आता कागद. अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, कंपनीची नोंदणी करते, पण नोंदणीचं प्रमाणपत्र देत नाही, आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे असंही बजावते. एवढी मोठी संस्था कागद द्यायचा विसरते, तेव्हा तिला हातभार लावणं आपलं कर्तव्य. गरुड, सोनेरी किनार, खाली गिचमिड सही. माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणाऱ्या सीई खुणेशेजारी मोजमापाच्या उपकरणावर तपासणाऱ्या संस्थेचा चार आकडी क्रमांक लागतो. तो शोधणारं गिऱ्हाईक भेटलं तर गिऱ्हाईक बदला. डिजिटल मशीनच्या मानकात निदान ८५ माणसांवर चाचणी करा, सरासरी चूक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं काहीबाही आहे. ते एका मॉडेलनं पार पाडलेलं असतं. त्याच्या भावंडांना वेगळी परीक्षा कशाला?

कस्टम्सचं टेन्शन घेऊ नका. मालाचा कस्टम्स कोड थर्मामीटरला ९०२५, बीपीच्या मशीनला ९०१८. कोड, नग, वजन, किंमत जुळली की कंटेनर सुटतो. मशीन स्वतःच्या दंडाला बांधून पाहणारा अधिकारी अजून जन्माला यायचाय.

पाऱ्याच्या मशीनची अडचण होती, तीही मिटत आलीय. २०१३ च्या मिनामाता करारात पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपी मशीनं २०२० नंतर बनवायची नाहीत, देशाबाहेर पाठवायची नाहीत असं ठरलं. काहींनी मुदत वाढवून घेतली, ते सोडा. पारा विषारी, तो जायलाच हवा होता. पण नळीतला पारा खाली उतरलेला डोळ्यांनी दिसायचा, आणि बाकीच्या मशीनांची खोट त्याच्याशी ताडून काढायची सवय लोकांना होती. आता ताडायला कोपऱ्यात उभा असलेला तो म्हातारा नाही.

तरीही कुठल्या तरी दवाखान्यातून तक्रार येईलच. वाद घालू नका, नम्रपणे उत्तर द्या: मशीनमधली हवा पूर्ण सोडा आणि डायलचा स्पष्ट फोटो पाठवा. फोटोत काटा शून्यावरच असेल.