माळ, मीटिंग आणि शनिवारचा कासचा बेत

गांधी मैदानाच्या कोपऱ्यावरच्या आमच्या कट्ट्यावर परवा आवाज जरा जास्तच चढले. विषय आमचाच एक दोस्त. नाव लिहीत नाही. सकाळी हात एवढे थरथरतात की थोडी दारू पोटात गेल्याशिवाय त्याला दाढी करता येत नाही. मागच्या आठवड्यात तो आपणहून म्हणाला, "सोडायचीय लगा, कायतरी बघा."

"त्यात बघायचं काय?" अण्णा म्हणाले. एसटीतून रिटायर झालेला, पंढरीचा माणूस. "गळ्यात माळ घाला. आमच्या डेपोतले दोघं तसेच सुटले."

"अण्णा, त्यानं आषाढात घातली होती की माळ," सुहास म्हणाला. त्याचं मेडिकल आहे, त्यामुळे गावाची निम्मी दुखणी त्याला माहीत. "पुतण्याच्या हळदीत एक पेग झाला. माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, आणि आता मोडलंच आहे म्हणून महिनाभर थांबलाच नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. माळेनं सुटलेली माणसं मीही पाहिलीत, तिची ताकद नाकारायचं कारण नाही. पण शपथ मोडली की दुसऱ्या दिवशी जायचं कुठं, याचं उत्तर आमच्या घराघरांत नाही. बायको रडते, आई शिव्या देते आणि गडी पुन्हा गुत्त्यावर.

सुहासचं म्हणणं होतं, त्याला एएच्या मीटिंगला न्या. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्या निनावी मद्यपींची संघटना. सुहासचा थोरला भाऊ जातो. ओपन मीटिंग असते तेव्हा घरच्यांनाही बसता येतं, म्हणून सुहासही एकदा गेला होता. शाळेचा वर्ग, चौथीच्या पोरांचे बाक, गुडघे पोटाला टेकवून बसलेले बाप्ये. एकेक जण उठतो, नाव सांगतो, "मी मद्यपी आहे" म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. "एक जण चार वर्षांनी घसरलेला. कुणी 'का रे बाबा' म्हणालं नाही. चहा दिला नि म्हणाले, आलास ते बरं झालं."

"म्हणजे भजनी मंडळच," बाळ्या हसला. "फी किती?"

"फी नाही. डबा फिरतो, जमेल ते टाकायचं. बाहेरच्याकडून देणगीच घेत नाहीत. सोडायची इच्छा असली की झाला मेंबर."

मुजावर सरांना देवाचं कोडं पडलं. दारू सोडायच्या एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, तो कुणाचा? सुहास म्हणाला, ज्यानं त्यानं आपल्या समजुतीचा घ्यायचा. सर गणिताचे, तेवढ्यानं ऐकणारे नव्हेत. "१९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघे दारुडे एकमेकांशी बोलत बसले, हे ठीक. पण गुण येतो याला पुरावा?" मग त्यांनीच मोबाइलवर शोधलं. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०२०चा आढावा, २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. दारूला अजिबात न शिवणं या एका कसोटीवर एएकडे वळवणारे उपचार इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले, बाकी बाबतींत साधारण बरोबरीत. सरांनी चष्मा पुसला. आमच्याकडं याला कबुली म्हणतात.

बाळ्याचा खरा मुद्दा पुढं आला. "निनावी म्हणे! हे सातारा आहे. खोलीत शिरला की चार ओळखीचे निघणार."

"निघू देत. ते तिथं काय पेढे घ्यायला आलेले असतील?"

यावर अण्णासुद्धा हसले. लाज वाटत असेल तर आधी ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद करून बसावं, असं ठरता ठरता सुहासनं सगळ्यांना थांबवलं. ज्याचे सकाळी हात कापतात त्यानं एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिल्यांदा सिव्हिलला मानसोपचार विभागात, नाहीतर दाभोलकरांनी साताऱ्यातच सुरू केलेल्या 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्रात विचारायचं. जवळची मीटिंग कुठं, कधी, हेही तिथं कळेल. वार बदलतात, फोन करूनच निघावं. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहेच. "आणि वहिनींना सांगा, दारू सोडवायची गोळी चहातून गुपचूप नको. माझ्याकडं रोज कुणीतरी मागायला येतंय. ती पोटात असताना हा प्यायला तर प्रेशर उतरून आडवा होईल." वहिनींसारख्यांच्या वेगळ्या मीटिंगा असतात, अल-अनॉन म्हणतात त्यांना. हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

एवढं झाल्यावर मी विचारलं, "शनिवारी कासला बसायचं ठरलंय, त्याचं काय? त्याची वर्गणी जमा आहे."

बाळ्या म्हणाला, त्याला फक्त चकण्याला नेऊ. सुहास उखडलाच. "तू नेणार नि सोडणार तो, होय रे?" बाळ्याचं म्हणणं, एकट्यासाठी सहा जणांनी का सोडायचं. सर म्हणाले, बेत रद्द. अण्णा म्हणाले, त्याचे पैसे आधी वहिनींच्या हातात द्या. वर्गणी बाळ्याकडं आहे. त्यानं अजून दिलेली नाही.