समुपदेशक नेमला, पुढे कोण?

शिक्षणसंस्थांमधल्या आत्महत्या रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींशी फोनवर बोलणं झालं की विषय समुपदेशकावर येऊन अडतो. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं न्यायालयाने सांगितलंय. मग तो पूर्णवेळ नेमायचा की तासिका तत्त्वावर? पगार कुणी द्यायचा? मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनाच हे काम जोडून दिलं तर चालेल का? (हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्यांनी आदेश आधीच टाइप करून ठेवलेला असतो, असा माझा संशय आहे.)

त्याच निकालात आणखी एक सूचना आहे, तिच्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. विद्यार्थी संकटात असेल तर त्याला कुठल्या रुग्णालयाकडे, कुठल्या तज्ज्ञाकडे, कुठल्या हेल्पलाइनकडे पाठवायचं, याची लेखी पद्धत संस्थेने ठरवून ठेवायची आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडायचे आहेत. माझ्या मते या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. असं वाटण्याचं कारण मी राहते त्या मँचेस्टरमध्ये आहे.

मी इथल्या एका विद्यापीठात शिकवते आणि काही विद्यार्थ्यांची पर्सनल ट्यूटरही आहे, म्हणजे त्यांच्या अडीअडचणींसाठी नेमून दिलेली शिक्षिका. ब्रिटनमधल्या विद्यापीठांकडे समुपदेशक पुष्कळ वर्षं होते. अडचण व्हायची ती त्यांच्या पलीकडे. विद्यापीठातल्या सहा-आठ भेटींनी भागणार नाही इतका एखादा मुलगा आजारी, पण सरकारी आरोग्यसेवेच्या मानसोपचार विभागाने ताबडतोब दाखल करून घ्यावं इतकाही नाही. अशी मुलं दोन दारांच्या मधे उभी राहायची. म्हणून २०१९ मध्ये ग्रेटर मँचेस्टरमधल्या पाच उच्चशिक्षण संस्था आणि तिथली आरोग्ययंत्रणा यांनी मिळून खास विद्यार्थ्यांसाठी एक मानसोपचार सेवा काढली. पैसे दोघांनी घातले. विद्यापीठाचा समुपदेशक मुलाला तिकडे पाठवतो आणि तिकडे त्याला कुणीतरी स्वीकारतं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण स्वीकारणारं माणूस आधीपासून ठरलेलं असणं हीच तर मुख्य गोष्ट आहे.

आपल्याकडे करार होत नाहीत असं नाही. होतात, आणि थाटात होतात. सामंजस्य करार, शाल-श्रीफळ, स्थानिक दैनिकात फोटो, मग महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये एक पान. त्या कराराचा एकही फोन नंबर वसतिगृहाच्या रेक्टरच्या मोबाइलमध्ये नसतो. शुक्रवारी रात्री एखादी मुलगी खोलीचं दार उघडत नाही म्हणून मैत्रिणी रेक्टरकडे धावल्या, तर पहिला फोन जातो गावी, वडिलांना. रुग्णालयाला कोण फोन करणार, मुलीबरोबर कोण जाणार, तिथे गेल्यावर कुणाचं नाव घ्यायचं, सोमवारी ती परत आली की तिच्या परीक्षेचं काय, यातलं काहीही करारात लिहिलेलं नसतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या १३,०४४ आत्महत्यांची नोंद आहे. सगळ्यात जास्त, १,७६४, महाराष्ट्रातल्या. यात शाळकरी मुलंही आहेत, त्यामुळे सगळा आकडा महाविद्यालयांच्या माथी मारता येणार नाही. पण म्हणून तो बाजूलाही सारता येणार नाही.

इकडे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. ब्रिटनमध्ये शिकणारी मुलं वर्षातून दोन-तीनदा घरी जातात, आणि इथे एका वेळी एकाच फॅमिली डॉक्टरकडे नोंदणी असते. नोंदणी विद्यापीठाजवळ केली की सुट्टीत गावी असताना उपचारात खंड पडतो, गावी ठेवली की उलटं होतं. तज्ज्ञांसाठीच्या रांगा लांब आहेत. भारतातून येणारी मुलं व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार भरतात आणि तरी कित्येक जण डॉक्टरकडे नाव नोंदवत नाहीत. आजारी पडल्यावर बघू, म्हणतात. आणि ब्रिस्टल विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीचा २०१८ मध्ये मृत्यू झाला, तिचं प्रकरण आम्हा शिक्षकांच्या मनातून जात नाही. तिला लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती वाटायची, तरी तोंडी परीक्षेची पद्धत तिच्यासाठी बदलली गेली नाही. हा समानता कायद्याखाली अपंगत्वावरून केलेला भेदभाव होता, असं न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवलं आणि वरच्या न्यायालयाने २०२४ मध्ये ते कायम ठेवलं. म्हणजे रुग्णालयाशी कितीही चांगली भागीदारी करा, मूळ जाच परीक्षा विभागात असेल तर समुपदेशक काय करणार?

आपल्याकडे हा जाच आणखी ठिकाणी असतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्ती अडकलेली आणि कॉलेज फीसाठी तगादा लावतंय. आडनाव ऐकून वर्गात होणारी कुजबुज. इंग्रजीतून शिकवलेलं डोक्यावरून जाणं. अशा मुलाला समुपदेशकाने दीर्घ श्वास घ्यायला शिकवणं मला क्रूर वाटतं. त्यामुळे भागीदारी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर फक्त मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. समाजकल्याण कार्यालयात शिष्यवृत्तीची फाइल हलवणारा लिपिकही येतो. समुपदेशकाला त्याला थेट फोन करता आला पाहिजे. मँचेस्टरच्या सेवेत असला लिपिक नाही, कारण इथे त्याची तशी गरज पडत नाही. म्हणूनच इथला नमुना जसाच्या तसा उचलून नेऊ नये.

शिवाय आपल्याकडे पाया आहेच. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ वर फोन मोफत लागतो, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा आहे. राष्ट्रीय सेवा योजना तर जवळजवळ प्रत्येक कॉलेजात आहे. यांतल्या कुणालाही शेजारच्या कॉलेजातल्या समुपदेशकाचं नाव माहीत नसतं, एवढंच. एका तालुक्यातल्या पाच-सात लहान महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ समुपदेशक ठेवला आणि जिल्हा रुग्णालयाशी एकच करार केला, तर प्रत्येकाने तासिका तत्त्वावर एकेक माणूस आणण्यापेक्षा ते कितीतरी बरं. संस्थाचालक एकत्र बसतील का, हा वेगळा प्रश्न. मला फारशी आशा नाही.

राहिला पालकांचा मुद्दा, आणि त्यावर माझं घरच्यांशी सतत वाजतं. ब्रिटनमध्ये अठरा पूर्ण झालेला विद्यार्थी प्रौढ. त्याच्या संमतीशिवाय आईवडिलांना सहसा काही कळवत नाहीत. आमच्या घरच्यांना हे निर्दयपणाचं वाटतं. उलट, मुलगी रडताना दिसली की लगेच बापाला फोन, ही आपली रीत मला धोक्याची वाटते, कारण कधी कधी ती घरामुळेच रडत असते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. ब्रिस्टल विद्यापीठाने २०१८ मध्ये यावर एक मार्ग काढला: तुमच्याबद्दल गंभीर काळजी वाटली तर कुणाला कळवायचं, हे नोंदणीच्या वेळी विद्यार्थ्यालाच विचारायचं. बहुतेक मुलांनी नाव दिलं. हे आपल्या प्रवेश अर्जात उद्या करता येईल, त्याला ना अनुदान लागतं ना पद. फक्त तो रकाना ‘वडील / पालक’ असा आधीच छापलेला नसावा. मोठी बहीण, मामा, जुन्या शाळेतल्या बाई, मुलाला वाटेल ते नाव त्यात लिहिता आलं पाहिजे, आणि रेक्टरने आधी त्या नावाला फोन लावला पाहिजे.