पास्ता बाधतो की त्यावरचा सॉस? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पचन नाजूक असलेल्यांना पास्ता सुचवणं बेजबाबदारपणाचं आहे, कारण तो मैद्याचा असतो आणि आतड्याला चिकटतो. सुचवायचाच तर ग्लूटेनमुक्त, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेला, सुचवावा. आणि एकीकडे लसूण टाळा म्हणायचं नि दुसरीकडे लसणाचं तेल घालायला सांगायचं, ही वाचकांची दिशाभूल आहे. क्रीमचा पास्ता खाल्ला की तुमचं पोट तास-दोन तासांत फुगतं, असंही तुम्ही लिहिलंय. त्रास खरा आहे, त्याबद्दल शंकाच नाही. पण त्याचं खापर तुम्ही चुकीच्या माथ्यावर फोडताय, असं मला वाटतं.

चिकटण्याचं आधी. पास्ता आतड्याला चिकटत नाही. इतर पिठूळ पदार्थांसारखाच तो पाचकरसांनी विरघळत जातो. शिवाय चांगला सुका पास्ता बहुधा दुरुम गव्हाच्या रव्याचा असतो, मैद्याचा नव्हे.

आता लसूण, कारण तुमचा खरा आक्षेप तिथे आहे. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात. ती लहान आतड्यात कोणालाच पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, वायू होतो आणि आतडं संवेदनशील असेल तर गुबारा धरतो, कळा येतात. ही फ्रुक्टनं पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतायच्या आणि काढून टाकायच्या. वास-चव तेलात उतरते, त्रास देणारा भाग पाकळीतच राहतो. मात्र पाकळ्या टोमॅटो किंवा पाणी घालायच्या आधी निघाल्या पाहिजेत. सॉसमध्ये लसूण उकळून मग वेचून काढला तर उपयोग शून्य, तोवर फ्रुक्टनं रसात उतरलेली असतात. हे तेल लागेल तेवढं ताजंच करा. घरी केलेलं लसणाचं तेल बाहेर ठेवून दिलं तर त्यात बोट्युलिझमचे घातक जंतू वाढू शकतात. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग घ्या.

गव्हात फ्रुक्टन आहेच, मग पास्ता कसा चालतो? प्रमाणामुळे. शिजवलेला अर्धा कप पास्ता आतड्याच्या संवेदनशीलतेचा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना सोसतो. ताटभर खाल्ला तर नाही. म्हणून मी पास्ता कमी आणि बाकीचं जास्त असं सुचवते: किसलेलं गाजर, पालक, उकडलेलं अंडं किंवा चिकन, वरून थोडं मुरलेलं पार्मेझान. मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळजवळ उरतच नाही. भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी फेकून द्या, थोडं फ्रुक्टन त्यातही जातं. चणे-मसुराच्या पिठाचा पास्ता ‘पौष्टिक’ म्हणून लगेच आणू नका, कडधान्यांतल्या गॅलॅक्टनांनी (फ्रुक्टनांसारखीच न पचणारी कर्बोदकं) वायू धरणाऱ्यांना तो जास्त बाधू शकतो.

तुमच्या क्रीमच्या पास्त्यात लॅक्टोज असतं आणि स्निग्धांश भरपूर. स्निग्ध पदार्थांनी जठर उशिरा रिकामं होतं, आणि लॅक्टोज न पचल्याचा त्रास साधारण अर्ध्या ते दोन तासांत जाणवतो. तुम्ही सांगितलेली वेळ याच्याशी जुळते. त्या सॉसची सुरुवात चिरलेल्या कांदा-लसणाने होत असेल, तर त्यांचाही वाटा असेलच. यात पास्त्याचा दोष किती, हे तो साधा खाल्ल्याशिवाय कळणार कसं?

ग्लूटेनबद्दल मात्र मनापासून विनंती आहे. सीलिअ‍ॅक आजाराची, म्हणजे ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं त्या विकाराची, शंका असेल तर ग्लूटेन सोडण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. आधीच सोडलं तर या तपासणीत शोधली जाणारी रक्तातली प्रतिपिंडं कमी होत जातात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. ज्यांना हा आजार आहे त्यांना अर्धा कपसुद्धा चालत नाही, आयुष्यभराचं पथ्य पाळावं लागतं. त्यांच्यासाठी तांदूळ किंवा मक्याचा पास्ता ठीक, पण पाकिटावर ग्लूटेनमुक्त असल्याचा उल्लेख हवा, आणि गव्हाचा पास्ता शिजवलेल्या पाण्यात तो टाकायचा नाही.

या आठवड्यात क्रीम बाजूला ठेवून, लसणाच्या तेलातला अर्धा कप पास्ता पालक-अंड्याबरोबर खाऊन बघा. त्या जेवणात दुसरं काही नवीन नको, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. पण वजन उगाच घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा जुलाबाने रात्री झोपेतून उठावं लागत असेल, तर हे प्रयोग नकोत. आधी डॉक्टर.