न्यूयॉर्क विमानाला सामोरे येत नाही

‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला न्यूयॉर्क स्वतःच सामोरे येते, रात्री दीडला निघालेला प्रवासी सकाळी साडेसातला तिथे उतरतो. परतीला मात्र मुंबई पुढे पळत असल्याने दुप्पट वेळ लागतो,’ अशा आशयाचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे.

त्यातील सहा तासांचा हिशेब प्रथम पाहू. तिकिटावर प्रत्येक विमानतळाची स्थानिक वेळ छापलेली असते. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे दीड ते साडेसात हा प्रवास उन्हाळ्यातही साडेपंधरा तासांचा ठरतो.

पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा वरवर पटण्याजोगा आहे, पण तो आकड्यांपुढे टिकत नाही. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते, तर प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. संदेशातील तर्क खरा असता, तर नागपूरवर हेलिकॉप्टर नुसते तरंगत ठेवून अर्ध्या तासाच्या आत मुंबई खाली आली असती. आणि परतीच्या विमानाला मुंबई दुप्पट वेळातच काय, कधीच गाठता आली नसती. प्रत्यक्षात जमिनीबरोबर हवाही फिरते आणि धावपट्टीवर उभ्या विमानालाही तो वेग आधीच मिळालेला असतो. धावत्या रेल्वेत वर उडवलेले नाणे मागच्या बाकावर न पडता आपल्याच तळहातावर परत येते, ते याच कारणाने.

जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतो हे खरे, मात्र तो संदेशात सांगितल्याच्या नेमका उलटा असतो. न्यूयॉर्कला जाताना सहसा अधिक वेळ लागतो आणि येताना कमी, कारण साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाने जोर चढलेल्या अशाच वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात. या वाऱ्यांना पूर्वेचे वळण देण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, एवढे श्रेय तिला द्यायला हरकत नाही. पण त्याचा लाभ पूर्वेला जाणाऱ्याला होतो.

अंतर कमी म्हणजे वेळ कमी, असेही अनेकदा गृहीत धरले जाते. मुंबई-न्यूयॉर्क हे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून ती वाट पार आइसलँडच्या बाजूने जाते. प्रत्यक्षातला मार्ग मात्र वारा आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, हे पाहून ठरतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून, न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाले, तरी विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी, पोहोचले.