खुलासा: ‘२६९ विरुद्ध १९८’ म्हणजे घटनादुरुस्ती मंजूर नव्हे

‘एक देश, एक निवडणूक लोकसभेत २६९ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर, आता सगळ्या निवडणुका एकत्र’ हा मेसेज मीही घाईत दोन ग्रुपवर टाकला होता. चूक माझी. आकडे खरे आहेत, अर्थ मात्र चुकला.

१७ डिसेंबर २०२४ रोजी झालेलं ते मतदान ‘एक देश, एक निवडणूक’साठीचं (लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्याचं) १२९ वी घटनादुरुस्ती विधेयक नुसतं मांडू द्यायचं की नाही, एवढ्यापुरतंच होतं. त्याला साधं बहुमत पुरतं. मंजुरीचं गणित वेगळं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६८ प्रमाणे हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. आता बघा: त्या दिवशी मतं पडली ४६७, त्याचे दोन तृतीयांश ३१२. आणि ५४३ चं बहुमत २७२, म्हणजे २६९ तिथेही तीनने कमीच! हाच टप्पा पुन्हा राज्यसभेत, मग राष्ट्रपतींची संमती. मांडल्यानंतर विधेयक गेलं ते संयुक्त संसदीय समितीकडे.

विधेयक चांगलं की वाईट, हा वाद वेगळा. तो जरूर घाला. पण ‘मंजूर’वाला मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. मी दोन्हीकडे टाकलाय.