सवारोच्या सावलीत लाईन

फोंड्यात राहणाऱ्या माणसाला आपण दमलो हे कळतं ते घामावरून. बाजारातून बांगडे घेऊन घरी येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला की पंख्याखाली बसायचं, दुसरं काही बघायची गरजच नाही. त्यामुळे अ‍ॅरिझोनात टूसॉनला राहणारा भाचा वाळवंटात ट्रेकला नेतो म्हणाला तेव्हा मी मोबाईलवर टेम्परेचर बघितलं, ३५. बायको म्हणाली, अहो हे तर आपल्याकडे मे महिन्यात रोजचंच, यात काय भ्यायचंय. भाच्याला उजाडायच्या आत निघायचं होतं, पण चहा, आंघोळी, देवाला दिवा (माणूस अमेरिकेत गेला म्हणून मंगेशाला थोडाच विसरतो) यात नऊ वाजले.

ट्रेल मॉडरेट आहे मामा, थोडासाच चढ, म्हणाला. हा थोडासा चढ अठ्ठावीस वर्षांच्या गुडघ्यांच्या हिशेबाने होता.

सवारो म्हणजे ते हात वर केलेले उंच निवडुंग. अमेरिकेत कुठेही उगवत असतील असं मला वाटायचं, पण ते फक्त ह्या सोनोरन वाळवंटातले. पहिली आठेक वर्षं जेमतेम बोटाच्या पेराएवढं असतं म्हणे आणि पहिला हात फुटायला पन्नास ते सत्तर वर्षं, कधी जास्तच. आमच्याकडे सात वर्षांत माडाने नारळ दिला नाही तर लोक कुऱ्हाड शोधायला लागतात! तिथे वर्षाला पाऊस जेमतेम ३०० मिलीमीटर, आपल्या साधारण दहावा हिस्सा, तेवढ्यावर हे भागवतं, पाणी मिळालं की अंगावरच्या चुण्या भजनातल्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात आणि साठा करून बसतं. डोक्यावर पांढरी फुलं आलेली. बायकोला त्यातलं एक देवाला पाहिजे होतं. फूल चाळीस फुटांवर, आणि नॅशनल पार्कात पान तोडायलाही बंदी.

अर्ध्या तासानंतर माझी तब्येत एकदम फर्स्टक्लास, घामाचा थेंब नाही, मी पुढे आणि भाचा मागून ओरडतोय मामा पाणी प्या. तहानच नाही तर काय पिऊ? तर म्हणे घाम येतोय, पण हवा इतकी कोरडी की दिसायच्या आत उडून जातो. शर्टावर बघितलं तर मिठाचे पांढरे नकाशे. म्हणजे मीटर बंद आणि बिल चालू.

अर्धं पाणी संपलं की असाल तिथून मागे फिरायचं, असा तिथला नियम भाच्याने सांगितला. तेव्हापासून बायको दर पाच मिनिटांनी बाटली तोंडाला लावायला लागली.

पुढे माझे पाय लटपटले. सावली हवी, तर सावली फक्त सवारोची, म्हणजे जमिनीवर एक लांब पट्टी. तिघेही त्या पट्टीत एकामागे एक उभे राहिलो, सूर्य सरकेल तशी आमची लाईनही सरकत होती. समोरून सत्तरीचं एक गोरं जोडपं काठ्या टेकत आलं, आमच्याकडे बघून थांबलं, सगळं ठीक ना म्हणून विचारलं. बायकोने लगेच एक पाऊल मागे सरकून त्यांना जागा करून दिली.

मग फोटो. आमचा फोटो काढायला भाचा उलटा चालत मागे गेला आणि मागे होता टेडी बेअर चोया नावाचा निवडुंग. लांबून लोकरीचा वाटतो, पण नुसता धक्का लागला तरी तुकडा सुटून चिकटतो, आणि काट्यांना उलटे दात असल्यामुळे ओढाल तसा जास्तच रुततो. चिकटला तोही नेमका पँटच्या मागच्या खिशावर. हात लावू नका, कंगवा लागतो, तो किंचाळला. कंगवा कुठाय? गाडीत! बायकोने पर्समधून जत्रेत घेतलेली फणी काढली, हलू नको रे पुता म्हणत दात तुकड्याखाली सरकवले आणि एक झटका दिला. तुकडा उडून माझ्या बुटाजवळ पडला, मी ह्या वयात एवढी लांब उडी मारेन असं मलाही वाटलं नव्हतं. मोठ्या कंपनीतला मॅनेजर मामीसमोर ओणवा, ती एकेक काटा उपटतेय, आणि नेमकं तेच जोडपं परत आलं. ह्यावेळी त्यांनी काही विचारलं नाही.

शेवटी बायकोने बाटली वर धरून दाखवली, अर्धी. व्ह्यू पॉइंट समोर दिसत होता, पण नियम म्हणजे नियम, आणि ती तर वळलीसुद्धा होती.

फणी तिने टाकली नाही. साबणाने धुऊन परत पर्समध्ये ठेवली, चांगली आहे म्हणे. लग्नाकार्याला जाताना हॉलच्या दारात ती अजून माझ्यापुढे धरते, मी आपले बोटांनीच केस सारखे करतो.