पिठाचा कोंबडा आणि दुष्ट जादूगार

महिनाभर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तीनदा आला. एकदा भजनी मंडळाच्या ग्रुपवर, एकदा शाळेच्या जुन्या वर्गमित्रांकडून आणि तिसऱ्यांदा खुद्द मामांकडून, खाली ‘तू हेच खेळतोस ना रे?’ असं विचारून. ‘पालकांनो सावध’ अशी सुरुवात आहे आणि रोख डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळावर आहे. म्हणणं थोडक्यात असं: या खेळात मुलगा स्वतःसाठी ‘दुष्ट’ स्वभाव निवडू शकतो आणि तासन्‌तास दुष्टपणाचं चिंतन करतो. खेळात परक्या देवांची उपासना करावी लागते. चांगलं आणि वाईट एकाच तक्त्यात मांडून धर्म-अधर्मातला फरक पुसला जातो. अमेरिकेत या खेळापायी मुलांचे जीव गेले. आणि एवढं सांगूनही ज्याला खेळायचंच आहे, त्या श्रद्धाळू मुलानं फक्त ‘लॉफुल गुड’, म्हणजे नियम पाळणारं आणि चांगलं, पात्र घ्यावं.

मी बेळगावच्या शहापुरात राहतो. सहा वर्षं दर शनिवारी माझ्या घरी हा खेळ चालतो आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच असतो. आमच्या घरात तीन पिढ्या माळकरी आहेत, माझ्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. मेसेज लिहिणाऱ्याची काळजी खरी आहे असं धरूनच उत्तर देतो. मुलांचं मन कशात रमतंय हे बघायलाच हवं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे आपल्या पात्राचा एक कागद असतो. डीएम प्रसंग सांगतो, आपलं पात्र काय करतं ते खेळाडू तोंडानं सांगतो आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. त्या कागदावर अलाइनमेंट नावाचा एक रकाना असतो, पात्राचा नैतिक कल लिहायचा. सगळा वाद त्या रकान्यावरून आहे.

तक्त्याचं आधी बघू. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा कल तीनच होते: नियम, तटस्थ आणि स्वैर. पुढे चांगलं-वाईट हा दुसरा प्रश्न जोडला गेला आणि १९७८ च्या नियमपुस्तकात तीन गुणिले तीन असे नऊ कल आले. म्हणजे हा तक्ता दोन वेगळे प्रश्न विचारतो. हा माणूस दिलेला शब्द आणि घातलेले नियम पाळतो का? आणि हा दुसऱ्याचं भलं बघतो की वाटोळं करतो? एकाच कागदावर लिहिल्यानं दोन गोष्टी सारख्या होत नाहीत. कॅलेंडरात पौर्णिमा आणि अमावास्या एकाच पानावर असतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहार, यज्ञ, तप, दान या सगळ्यांचे सात्त्विक, राजस, तामस असे शेजारीशेजारी भाग पाडलेत, ते भेद कळावा म्हणूनच.

उलट या दोन प्रश्नांमुळे आमच्या टेबलावर जे बोलणं झालं, ते मी कितीतरी प्रवचनांत ऐकलेलं नाही. खानापूरहून येणाऱ्या एका मुलानं विचारलं, भीष्म कुठल्या रकान्यात? त्यांनी शब्द आयुष्यभर पाळला, आणि भर सभेत द्रौपदीची विटंबना होताना गप्प बसले. कृष्णानं शस्त्र न धरण्याचा शब्द दिला होता आणि अर्जुनासाठी चक्र घेऊन त्याच भीष्मांवर धावला. त्या संध्याकाळी फासा कुणी हातात घेतलाच नाही. कन्नड आणि मराठी दोन्हीत भांडण चाललं होतं. धर्म-अधर्माचा भेद पुसला जायचा असता तर पोरं रात्री दहापर्यंत त्यावर भांडली नसती.

अमेरिकेतल्या मुलांबद्दल. हा मुद्दा हलक्यानं घ्यायचा नाही, कारण त्यात खरी मुलं आणि खरे आईबाप आहेत. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला एक सोळा वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला. शोधासाठी नेमलेल्या खासगी गुप्तहेरानं खेळाचा संशय बोलून दाखवला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलला. पुढे खुद्द त्याच गुप्तहेरानं लिहून सांगितलं की मुलगा आधीपासूनच खोल नैराश्यात होता आणि गेला तोच जीव द्यायच्या विचारानं. तेव्हा तो वाचला, पण १९८० मध्ये त्यानं आयुष्य संपवलं. १९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका आईचा मुलगा असाच गेला आणि तिनं पुढच्या वर्षी या खेळाविरुद्ध संघटना काढली. तिच्या दुःखापुढे मी वाद घालणार नाही. पण चाळीस वर्षांपूर्वीची ती भीती आज आपल्या ग्रुपवर जशीच्या तशी येते तेव्हा एक नुकसान होतं. मुलगा जेवेनासा झाला, बोलेनासा झाला, तर आईबाप त्याचे फासे लपवतात आणि त्याला डॉक्टरकडे न्यायचं राहून जातं.

देवांचा मुद्दा अर्धा खरा आहे. क्लेरिक नावाचं पात्र घेतलं तर त्याचा एक देव असतो आणि त्याची शक्ती त्या देवाकडून येते. माझ्या आज्जीनं पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, “तुझा तो बाबाजी कुणाचं नाव घ्यायलाय रे?” मी तिला शेजारी बसवून दाखवलं. खेळाडू म्हणतो, ‘माझा क्लेरिक प्रार्थना करतो,’ आणि फासा टाकतो. मंत्र नाही, नैवेद्य नाही, हात जोडणं नाही. नाटकात पुजाऱ्याचं काम करणारा नट घरी येऊन ज्या देवाला हात जोडतो, तो त्याचा देव.

तरीही एक गोष्ट मलाही खटकते आणि ती मेसेजवाल्यांना माहीत नसावी. १९८० मध्ये या खेळाचं एक पुस्तक आलं, त्यात जगभरच्या पुराणांतल्या देवांबरोबर आपल्या इंद्र, अग्नी, विष्णू यांनाही लढाईचे आकडे लावले होते, म्हणजे किती घाव बसले की देव पडला. म्हणून आमच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून नियम आहे: ज्या देवाला आज कुणीतरी नवस बोलतं, तो देव खेळात आणायचा नाही. सौंदत्तीची यल्लम्मा नाही, चिंचलीची मायाक्का नाही, विठोबा नाही. देव आम्ही मनानं रचलेले घेतो. आमच्यात एक मुस्लिम मित्र आहे, त्याला पात्राच्या तोंडूनही दुसऱ्या देवाची प्रार्थना नको वाटते. त्याचं पात्र लढवय्या आहे आणि देवाची जागा कागदावर कोरी आहे. खेळाचा कुठलाही नियम त्यामुळे अडत नाही.

आता पहिला मुद्दा, आणि खरा वजनदार तोच आहे. मेसेजमध्ये गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बासष्टावा श्लोक दिलाय, ‘ध्यायतो विषयान्‌ पुंसः’. ज्याचं चिंतन त्याची आसक्ती. मग दर शनिवारी तीन तास क्रूर माणसाच्या तोंडून बोलणाऱ्याचं काय होणार?

आपल्याकडे वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते. सजीव देखाव्यात कुणाला तरी अफझलखान व्हावं लागतं. ज्या पोराची उंची भरते त्याला दाढी लावतात, डोळे वटारायला शिकवतात, महाराजांना मिठीत आवळताना चेहरा कसा करायचा ते सांगतात. तो रात्रभर खान असतो. सकाळी रंग धुऊन झोपतो. त्याची शिवभक्ती कमी झाली असं बेळगावात कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. खान खानासारखा नसेल तर महाराजांचा पराक्रम दिसणार कसा?

आणि नाथांचं काय? भवानीला रोडगा कबूल करणारी सून आपण सगळ्यांनी ऐकलीय. सासरा गावाला गेलाय तो तिकडेच संपू दे, सासूला ने, नणंद, जाऊ, नवरा, सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे, असं ती देवीकडे मागते. कलाचा रकाना भरायचा झाला तर त्या सुनेचा कल चांगला कोण लिहील? पण एकनाथ महाराज तिच्या तोंडून बोलले, कारण संसाराच्या गोतावळ्यातून सुटायची तळमळ त्यांना त्याच सोंगातून सांगायची होती. भारूड म्हणणारा लुगडं नेसून उभा राहतो तेव्हा समोरचे माळकरी टाळ्या वाजवतात. जय-विजय तर वैकुंठाचे द्वारपाल. सात जन्म भक्त होऊन परत यायचं की तीन जन्म वैरी होऊन, असं विचारल्यावर त्यांनी वैर पत्करलं, कारण तो रस्ता देवाकडे लवकर पोचत होता.

इथे थांबलो असतो तर मेसेजला उत्तर झालं असतं. एवढंच काय, भागवतातला परीक्षिताचा प्रसंगही पुढे करता आला असता. कलियुगात मनातलं पुण्य लागतं आणि पाप केल्याशिवाय लागत नाही, असं कीर्तनकार त्यावरूनच सांगतात. पण आमच्या टेबलावर एक जैन मित्र आहे, चिकोडी भागातला. सूर्यास्तानंतर तो खात नाही, म्हणून शनिवारी आम्ही सगळेच दिवस मावळायच्या आत जेवून घेतो. मी अफझलखानाचा दाखला दिल्यावर त्यानं त्याच्या आज्जीकडून ऐकलेली यशोधर राजाची गोष्ट सांगितली. तेराव्या शतकात जन्न कवीनं ती कन्नडमध्ये लिहिली आहे. राजानं आईला वाईट स्वप्न पडल्याचं सांगितलं. आई म्हणाली, देवीला कोंबडा दे. राजा जीव घ्यायला तयार नव्हता, मग दोघांनी तोड काढली आणि पिठाचा कोंबडा करून कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरीही त्या एका संकल्पापायी मायलेकांना जन्मामागून जन्म पशू-पक्ष्यांच्या योनीत काढावे लागले.

ही गोष्ट ऐकून मी गप्प झालो. खोट्या हत्येचं खरं पाप लागतं, असं ती सरळ सांगते. आमचे सगळे राक्षस पिठाचेच की! दोन आठवडे ते डोक्यात होतं. मग लक्षात आलं की राजाचा कोंबडा खोटा होता, मागणं खरं होतं. मारल्याचं फळ त्याला हवं होतं. भारुडातल्या सुनेच्या तोंडून बोलणाऱ्या नाथांना कुणाची सासू मरायला नको होती. तपासायचं ते इथे: पात्र काय करतं यापेक्षा खेळणाऱ्याला त्यातून काय हवंय.

याचा पडताळा मला माझ्याच घरात मिळाला. उसन्या पैशांवरून बिनसलेले दोन मित्र आमच्यात होते. एकानं ‘केऑटिक ईव्हिल’, म्हणजे स्वैर आणि दुष्ट, चोर घेतला आणि दुसऱ्याच्या क्लेरिकच्या मागे लागला. त्याची औषधं पळव, त्याला गुहेत एकटं सोड, जखमी झाला की हस. विचारलं तर म्हणायचा, माझं पात्रच तसं आहे. तिसऱ्या शनिवारी समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी खेळ थांबवला. चोर पिठाचा होता, सुरी खरी होती. मी ते आधीच ओळखायला हवं होतं. त्यानंतर नवा माणूस आला की आम्ही खेळायच्या आधी तासभर नुसतं बोलतो: कुणाला काय चालेल, काय नको, आणि दुष्ट पात्र घेणाऱ्याला ते का हवंय.

तो जैन मित्र मात्र आठ महिने क्रूर जादूगार खेळला. गावं जाळणारा. टेबलावर इतकं हळू बोलणारा दुसरा कुणी नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, रोज प्रतिक्रमणाला, म्हणजे आपल्या चुका आठवून क्षमा मागायला, बसतो तेव्हा शनिवारही तपासतो. आज खरोखर कुणाचं वाईट व्हावं असं वाटलं का, एवढंच विचारतो. एकदा वाटलं होतं, म्हणाला, तेव्हा पुढच्या शनिवारी तो आलाच नव्हता. मला तेव्हा वाटलं होतं त्याला ताप आलाय.

राहिला ‘फक्त लॉफुल गुड घ्या’ हा सल्ला. १९७८ च्या नियमांत पॅलाडिन नावाचा धर्मयोद्धा लॉफुल गुडच असावा लागे. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर त्याचं पॅलाडिनपण कायमचं जाई, आणि नियम मोडल्यास धर्मगुरूपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावं लागे. पुढे ही कलाची अट गेली आणि २०१४ च्या आवृत्तीत पॅलाडिन त्यानं घेतलेल्या शपथेवरून ओळखला जाऊ लागला. मला हा बदल बरा वाटतो. श्रद्धा रकान्यात लिहून सिद्ध होत नाही, ती शपथेसारखी रोज निभवावी लागते. आपल्याच जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये कृष्ण बलरामदादाला चक्क फसवतो आणि अर्जुनाला खोटा संन्यासी करून घरात घुसवतो. १८८२ पासून देवभोळी माणसं ते बघत आलीत. फक्त लॉफुल गुड चालणार असेल तर त्या कृष्णाला आमच्या टेबलावर जागा मिळणार नाही. वाल्या कोळ्याला तर दारातूनच परत पाठवावं लागेल.

माउलींनी पसायदानात खळांची व्यंकटी सांडो असं मागितलं, खळ सांडोत असं मागितलं नाही. वाकडेपणा गळून पडायचा तर आधी तो वाकडा माणूस गोष्टीत असायला हवा. नवव्या महिन्यात एका शनिवारी त्या जादूगारासमोर जळत्या गावातली एक म्हातारी उभी राहिली. मी तिला बोलायला काहीच दिलं नव्हतं, ती नुसती उभी होती. मित्र बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, मी आग विझवतो. फासा टाकला, आकडा कमी पडला आणि अर्धं गाव तरीही जळालं.

त्यानं खोडरबर मागितला आणि ‘ईव्हिल’ पुसलं. त्या जागी काय लिहायचं ते ठरेना. तो रकाना अजून कोरा आहे.